वाक्य वाढवणारे उके सर

उके सरांना 'वगैरे' हा शब्द चालत नसे. कुणी म्हटलं, "तुमसरच्या बाजारातून भाजी वगैरे आणली," की सर मान तिरपी करत आणि विचारत, "वगैरे म्हणजे काय आणलं?" समोरचा माणूस गोंधळून जाई. मग त्याच्या पिशवीतून वांगी निघत, लाखोरीची डाळ निघे, पोरीसाठी घेतलेली रिबीन निघे. सगळं वदवून झालं की सर म्हणत, "एवढं चांगलं चांगलं आणलं, अन् वगैरेत कायले टाकलं?"

माणसं हसत, पण दुसऱ्या वेळेस सर दिसले की पिशवी दुसऱ्या हातात घेऊन निघून जात. कोणाला रस्त्यावर उभं राहून एवढं उत्तर द्यायला वेळ असतो?

सर आम्हाला आठवी ते दहावी इंग्रजी शिकवायला होते. ते मूळचे बपेऱ्याचे, मध्य प्रदेशच्या सीमेवरचे. त्यामुळे रागावले की हिंदीत जात आणि राग ओसरला की परत मराठीत येत. आमचं गाव आंबागडच्या पुढं, जंगलाला टेकलेलं. शाळेच्या खिडकीतून किल्ल्याची टेकडी दिसायची. नोकरी लागल्यावर बहुतेक शिक्षक तुमसरला खोली करून मोटारसायकलनं ये-जा करत. उके सर मात्र बायकोला घेऊन गावातच भाड्यानं राहिले.

मी आमच्या घरातली पहिली बी.ए. माझ्या आधी आमच्याकडं कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. हे मी लाजून सांगत नाही, आणि कोणाच्या उपकाराच्या भाषेतही सांगत नाही. अभ्यास मी केला, पेपर मी लिहिले. पण इंग्रजीची भीती वाटली नाही का, असं आजही ऑफिसात कोणी विचारतं तेव्हा मला उके सर आठवतात. सरांनी माझी भीती घालवली असं काही झालं नाही. त्यांनी इंग्रजीला आमच्या गावात आणून बसवलं, आमच्या चुलीजवळ, आमच्या धानाच्या बांधीत. एकदा ती तिथं बसलेली पाहिली की मग तिला काय भ्यायचं?

त्यांची शिकवायची पद्धत अशी. फळ्यावर दोनच शब्द लिहायचे. कर्ता आणि क्रियापद. "बुलक्स ड्रिंक." बैल पितात. खाली रेघ ओढून सर म्हणायचे, "ही नुसती चूल मांडली. आता स्वयंपाक करा." मग दाराजवळच्या पहिल्या बाकापासून वाक्य निघायचं. पहिली मुलगी बैलांना विशेषण लावायची, 'टू थर्स्टी बुलक्स', दोन तहानलेले बैल. दुसरी ते काय पितात ते सांगायची. तिसरी कुठं, चौथी कधी, पाचवी कसं. वाक्य बाकांवरून सरकत सरकत मागं जायचं, आणि प्रत्येकानं आधीचं सगळं म्हणून मग आपला तुकडा जोडायचा. सर समोर उभे राहून दोन्ही हातांची बोटं जुळवत आणि शेवया ओढाव्यात तसे हात हळूहळू लांब नेत. वाक्य तुटलं की हात खाली.

पुस्तकातही हे सगळं होतंच. शब्द कुठं जोडायचा, वाक्यांश कुठं, कधी हे आधी की कुठं हे आधी, सगळं चौकटीत छापलेलं. सरांनी त्याला आपला एक नियम लावला होता: जो तुकडा जोडशील, तो तू पाहिलेला पाहिजे. तुला कोणी विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे.

आमच्या वर्गात रोशन म्हणून मुलगा होता. त्याच्याकडं तुमसरहून आणलेलं गाईड असे. एकदा फळ्यावर होतं, "मदर कुक्स." आई स्वयंपाक करते. वाक्य रोशनपर्यंत आलं तेव्हा त्यानं ऐटीत 'हॅपिली' जोडलं. आनंदानं. गाईडमध्ये तसंच होतं.

सर म्हणाले, "पाहिलं तू?"

"काय सर?"

"आनंदानं. तोंड पाहिलं मायचं?"

सर म्हणाले, जा, उद्या पाहून ये, तोवर वाक्य इथंच थांबलं. आणि खरंच त्यांनी वाक्य थांबवलं. फळा न पुसता तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी रोशन उभा राहिला, गाईड न उघडता. म्हणाला, "सर, धूर होता. तोंड नाही दिसलं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी 'हॅपिली' पुसलं आणि तिथं 'इन द स्मोक' लिहिलं. धुरात. मग म्हणाले, "आता कोणी हे वाक्य वाचलं तर त्याले तुझ्या घरचा स्वयंपाक दिसते."

मला वाटतं, त्या दिवसापासून रोशन गाईड घरीच ठेवू लागला.

एकदा तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले होते. त्यांनी फळ्यावर लिहिलं, "द बॉय रन्स," आणि म्हणाले, चला, वाढवा बरं. पोरं एकदा फळ्याकडं, एकदा साहेबांकडं पाहू लागली. शेवटी पहिल्या बाकावरची करुणा उभी राहिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "कोन्ता पोरगा जी?"

साहेबांना वाटलं हिला इंग्रजी समजलं नाही. ते 'बॉय'चा अर्थ सांगू लागले. करुणा म्हणाली, अर्थ ठाऊक आहे जी, पण पोरगा कोणता, कोणाचा, ते तुम्ही सांगाल तर तो कुठं धावून राहिला ते मी सांगीन. साहेब उके सरांकडं पाहू लागले. सर खिडकीबाहेर पाहत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही. मुख्याध्यापक मात्र पुढचे काही दिवस सरांशी तुटक बोलत होते.

हेही सांगितलं पाहिजे की आमच्या वर्गाचा इंग्रजीचा निकाल काही फार वर लागत नसे. बोर्डाच्या पेपरात पाहिलेलं-न पाहिलेलं कोणी विचारत नाही. तिथं 'हॅपिली'लाही मार्क मिळतात. पालक कुरकुरत. सर म्हणत, मार्क कमी पडले तं माझ्यावर बोट ठेवा, पोरायवर नाही. पण बोट ठेवून मार्क वाढत नाहीत हे पालकांनाही कळत होतं.

घरी उकेबाईंचं वेगळंच दुखणं होतं. त्या गोल चेहऱ्याच्या, मोकळ्या बोलणाऱ्या. माझ्या मायजवळ येऊन बसत आणि नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगत. "काय सांगू वं बाई, यायच्याशी भांडणही सरळ होत नाही. काल म्हटलं, डोस्कं दुखून राहिलं. तं म्हणते, कधीपासून? कोणत्या बाजूनं? ठणकते का जड वाटते? सगळं सांगितलं म्या. गोळी द्याची आठवणच नाही राहिली."

माय हसून लोटपोट व्हायची. पण त्यातली एक गोष्ट खरी होती. सरांच्या प्रश्नांना कधीकधी मायेची ओल नसायची. गावात कोणाकडं मयत झाली, की लोक जाऊन गुपचूप बसत. सर जात, बसत, आणि मग विचारत, शेवटी काय बोलले ते? पाणी कोणी पाजलं? घरची माणसं रडत रडत उत्तरं देत. कोणाला त्यानं बरं वाटत असेल, कोणाला नसेल. दुसरं कोणी असतं तर हाकलून दिलं असतं. मास्तर म्हणून चालून गेलं. सरांना त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांच्या लेखी न विचारणं म्हणजेच दुर्लक्ष करणं.

मी तुमसरला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. मोहफुलांचे दिवस होते. आमच्या गावात त्या दिवसांत बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात, कारण फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढलं की गुरं येतात. अस्वलालाही मोहफुलं फार आवडतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी जावं लागतं.

आमच्या शेजारची सायत्राकाकू त्या दिवशी गेली आणि अस्वलानं तिला धरलं. सोबतच्या बाया थोड्या अलीकडं होत्या, त्या ओरडत गावाकडं पळाल्या. उके सर रोजच्यासारखे किल्ल्याच्या बाजूला फिरायला गेले होते. ओरडा ऐकून ते उलट दिशेनं, जंगलात धावले. ते पोचले तोवर अस्वल निघून गेलं होतं. काकू नाल्यापलीकडच्या एका मोहाखाली पडली होती, तोंडाची उजवी बाजू फाटलेली. सरांनी अंगातला शर्ट काढून तिचं डोकं बांधलं आणि तिला खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. गावानं त्यांना बनियानवर, रक्तानं माखलेले पाहिलं. काकू वाचली. उजवा डोळा गेला.

ते दोन-चार दिवस सर म्हणजे गावचे देव होते. काकूचा नवरा तुकाराम, अबोल आणि मानी माणूस, त्यांच्या दारात येऊन पाया पडून गेला.

मग जबाबाची वेळ आली. वनखात्याकडून नुकसानभरपाई मिळते, हे गावाला ठाऊक होतं. पण पानठेल्यावर कोणीतरी सांगितलं होतं की जंगलाच्या आत काही झालं तर काही मिळत नाही, उलट केस लागते. कोणी सांगितलं, कशावरून सांगितलं, कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं की सायत्रा जंगलात नव्हतीच. ती तुकारामाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर होती, धुऱ्यावरच्या मोहाखाली, आणि अस्वल तिथं आलं. जंगलाची हद्द सोडून चार पावलं अलीकडं. कोणाचं काय बिघडतं?

तुकाराम सरांकडं गेला. उकेबाईंनी ते बोलणं मायला सांगितलं, मायनं मला. तुकाराम म्हणाला, मास्तर, तुम्ही तिले उचललं, तुमचा जबाब मोठा. फक्त धुऱ्यावर म्हणा.

सर म्हणाले, "भाऊ, मी तिले नाल्यापलीकडून उचललो. धुऱ्यावरून नाही उचललो."

तुकारामानं बराच वेळ समजावलं. सर म्हणत राहिले की जंगलात गेली म्हणून तिनं काही गुन्हा केला नाही, मोहफुलं वेचायला गेली होती, तेच सांगा ना, लपवायचं कायले? शेवटी तुकाराम उठला. दारात उभा राहून म्हणाला, "हे तुमच्या शाळेतलं वाक्य नाही, मास्तर. माझ्या बायकोचा डोळा आहे."

सरांनी जबाब दिला तो जसं पाहिलं तसाच. बाकी सगळ्यांनी धुरा सांगितला. सायत्राकाकूनंही दवाखान्यातून आल्यावर तेच सांगितलं, नवऱ्यानं शिकवलं तेवढं: अस्वलानं मारलं जी, धुऱ्यावर. आणि प्रकरण अडकलं.

गाव बदललं. कोणी भांडलं नाही. आमच्याकडं भांडत नाहीत, बोलणं बंद करतात. सरांकडं दूध देणाऱ्या बाईनं सांगितलं, म्हैस आटली. म्हैस आटली नव्हती, तिची धार काढताना आमच्या घरून दिसायची. तुकाराम समोर दिसला तर रस्ता बदलायचा. माझी धाकटी बहीण तेव्हा नववीत होती. तिनं सांगितलं ते मी विसरले नाही. सरांनी फळ्यावर लिहिलं, "डॉग्ज बार्क." कुत्री भुंकतात. पहिल्या बाकावर कोणी उठलं नाही. दुसऱ्यावर नाही. पोरांनी घरी काही ऐकलं असेल, किंवा नुसतं ठरवलं असेल. सर खडू हातात धरून उभे राहिले, हात जुळवून, ते पसरायची वाट पाहत. तास संपेपर्यंत वाक्य दोन शब्दांचंच राहिलं. मग त्यांनी फळा पुसला आणि खुर्चीवर बसले. कोणालाही 'काहून?', का म्हणून, एवढंसुद्धा विचारलं नाही.

मला त्या वेळी सरांचा राग आला होता. खरं सांगायचं तर मला दोन्हीकडचा राग आला होता. सायत्राकाकूच्या घरात औषधाला पैसे पुरत नव्हते, माय कधी तांदूळ नेऊन देत होती, आणि इकडं सर आपलं खरं धरून बसलेले. पण सर बसून राहिलेले नव्हते, हे मला उशिरा कळलं. ते सुट्टीच्या दिवशी भंडाऱ्याला वनखात्याच्या ऑफिसात जात होते. कागदपत्रं त्यांच्याजवळ काही नव्हती, तुकाराम देणार नव्हता. ते फक्त विचारायला जात. टेबलामागून टेबल. एकदा तुमसरच्या स्टँडवर भेटले, डब्बा हातात, तोंड उतरलेलं. म्हणाले, मोहफुलं वेचायला गेलं म्हणून केस लागत नाही, भरपाईही अडत नाही, साहेबानं स्वतः सांगितलं. जागा कोणती हा त्यांचा प्रश्नच नव्हता. दोन कागदांवर दोन जागा काहून, हा प्रश्न होता.

"मग गावात सांगा ना सर," मी म्हटलं.

"सांगितलं. माझं कोण आयकते आता? लोकायले वाटते, मी माझी चूक झाकून राहिलो."

त्यांच्याएवढा एकटा माणूस मी आधी पाहिला नव्हता. बस आली, तर त्यांनी मला आधी चढू दिलं आणि स्वतः मागच्या दारानं चढले, गावच्या माणसांपासून लांब.

वर्षभरानं वनखात्यात नवीन अधिकारी बाई आल्या. त्यांनी जुनी अडलेली प्रकरणं काढली आणि आमच्या गावात स्वतः आल्या. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. मी सुट्टीत घरी होते, मायसोबत गेले. सायत्राकाकू पदरानं अर्धा चेहरा झाकून बसली होती, शेजारी तुकाराम. उके सर अगदी मागं, खांबाजवळ उभे. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं.

अधिकारी बाईंनी काकूला विचारलं, काय झालं सांगा. काकू म्हणाली, "अस्वलानं मारलं जी, धुऱ्यावर."

बाईंनी विचारलं, तुम्ही काय करत होता? काकूनं नवऱ्याकडं पाहिलं. तुकाराम जमिनीकडं पाहत होता. काकू परत म्हणाली, अस्वलानं मारलं जी, धुऱ्यावर. बाईंनी वेगळ्या शब्दांत परत विचारलं. तेच उत्तर. शिकवलेलं वाक्य तेवढंच होतं. बाईंनी पेन खाली ठेवलं, कागद चाळले, आणि मागं पाहून म्हणाल्या, उके सर कोण आहेत? तुमचा जबाब वेगळा आहे. तुम्हाला काही सांगायचं आहे?

सगळ्या माना मागं वळल्या. मला वाटलं, आता सर आपलं खरं मांडतील, आणि हा माणूस गावातून कायमचा उठेल.

सर पुढं आले. म्हणाले, "मले नका विचारू मॅडम. बाईलेच विचारा. तिले कोणी विचारलंच नाही अजून." मग म्हणाले, "मी पण नाही विचारलं."

बाई म्हणाल्या, तुम्हीच विचारा मग. सर काकूसमोर खाली, फरशीवर बसले. टेबलाकडं पाठ करून. त्यांनी अस्वलाचं काही विचारलं नाही, जागेचंही नाही. विचारलं, "सायत्राबाई, त्या दिवशी तू निघाली तेव्हा घरात कोण जागं होतं?"

काकू जरा दचकली. "कोणीच नाही जी. मी एकटीच उठली."

"चाय घेतली?"

"नाही. दूध नव्हतं."

"मग?"

आणि काकू बोलू लागली. मी तिच्या शेजारी लहानाची मोठी झाले, पण तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आधी तुटक, मग जोडून, मग इतकं सलग की अधिकारी बाई लिहायचं सोडून नुसतं ऐकू लागल्या. ती निघाली तेव्हा अंधार होता. टोपलीचा काठ उसवला होता, तिनं त्याला चिंधी बांधली. बाकीच्या बाया नाल्याच्या अलीकडं थांबल्या, तिथल्या झाडांखाली जागा नव्हती, म्हणून ती नाला ओलांडून एकटी पुढं गेली. तिथल्या मोहाखाली फुलांचा सडा होता, ओला, वास येणारा. ती वाकून वेचत होती. टोपली अर्धी भरली होती. मागून सुसकारा ऐकू आला. तिला वाटलं बैल असेल कोणाचा सुटलेला, म्हणून तिनं वळून न पाहता हाटहाट केलं.

इथं ती थांबली. सरांनी काही विचारलं नाही. तिनंच पदर चेहऱ्यावरून खाली केला आणि तुकारामाकडं न पाहता म्हणाली, "धुऱ्यावरचा मोह आमचाच होता जी. सासऱ्यापासूनचा. तं यायनं मागच्या साली वाटणीत भावाले देऊन टाकला, काही न बोलता. मले विचारलं नाही. दिराची बायको मले त्या झाडाखाली उभी राहू देत नाही. मंग मी कुठं जाईन? नाल्यापलीकडं गेली."

तेव्हा आम्हा सगळ्यांना कळलं की तुकाराम धुऱ्याला एवढा का धरून बसला होता. बायकोला परक्यासारखं जंगलात जावं लागलं ते त्याच्या एका गप्प बसण्यानं, आणि ते भर गावात कोणी उच्चारू नये म्हणून त्यानं तिला धुऱ्यावर आणून ठेवली होती. भरपाईचं कारण होतंच. पण तेवढंच नव्हतं.

अधिकारी बाईंनी हळूच विचारलं, हे असंच लिहू का? काकू तुकारामाकडं वळली. तुकाराम मान न उचलता म्हणाला, "लिहा जी. ती म्हणते तसंच लिहा."

प्रकरण त्यानंतर सुटलं. डोळा काही परत येणार नव्हता, पण नागपूरला नेऊन चेहऱ्याचं काम करता आलं. धुऱ्यावरच्या मोहाखाली पुढच्या साली काकू वेचताना दिसली; दिराच्या घरात काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. सरांकडं दूध परत सुरू झालं. वर्गात पोरं उठू लागली.

सरांना मात्र जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. निवृत्तीच्या आधी मी त्यांना भेटायला गेले, बी.ए. झाल्याचे पेढे घेऊन. ते खुश झाले, दोन पेढे खाल्ले, आणि बोलता बोलता त्याच विषयावर आले. म्हणाले, "मी खोटं बोललो नव्हतो. पण मले ठाऊक किती होतं? मी तिले कुठून उचललो, एवढंच. ती तिथं काहून गेली, हे एकदाही विचारलं नाही. साऱ्या गावाले येताजाता विचारत होतो, भाजी कोणती आणली म्हणून."

उकेबाई आतून म्हणाल्या, "आता तरी गोळी द्याले शिका." सर हसले, पण थोडंसंच.

तुकाराम अजूनही त्यांच्याशी बोलत नव्हता. राग होता की लाज, सांगता येत नाही. काकू रस्त्यात भेटली की सरांना हाक मारी, हालहवाल विचारी. तुकाराम बाजूला उभा राहून पायानं माती उकरत राही. सरांना ते लागत होतं. एकदा मायजवळ म्हणाले, त्या माणसाचं मी काय घेतलं ते मले समजते, पण परत कसं करू ते समजत नाही.

निवृत्त झाल्यावर सरांनी बपेऱ्याला परत जायचं ठरवलं. सामान आणि उकेबाई आदल्या दिवशी टेम्पोनं गेल्या. शाळेचा चार्ज द्यायचा राहिला होता म्हणून सर मागं थांबले. सकाळी फाट्यावर बसची वाट पाहत आम्ही दोघं उभे होतो. मलाही तुमसरला जायचं होतं. धान कापणीला आलेलं, बांध्या पिवळ्या पडलेल्या. बसला उशीर झाला होता.

तुकाराम मोटारसायकलनं आला. नेहमीसारखा पुढं निघून जाईल असं वाटलं. पण थांबला. इंजिन बंद केलं नाही, आमच्याकडं पाहिलंही नाही. समोर पाहत म्हणाला, "बसा, मास्तर."

सर म्हणाले, "बपेऱ्याले जायचं आहे. दूर आहे."

"ठाऊक आहे."

सर बसले. बॅग मांडीवर घेतली. एक हात हवेत राहिला, कुठं ठेवावा हे न समजून, मग तो त्यांनी तुकारामाच्या खांद्यावर ठेवला. मला काही म्हणायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. गाडी निघाली.

नंतर लगेच माझी बस आली. मी चढले, खिडकीजवळ बसले. पुढच्या वळणावर, तळ्याच्या पाळीवर, मोटारसायकल उभी दिसली. इंजिन बंद होतं. दोघंही खाली उतरलेले. तुकाराम एक हात लांब करून बांध्यांकडं काहीतरी दाखवत बोलत होता, तो अबोल माणूस, न थांबता बोलत होता. बस त्यांच्या अगदी जवळून गेली, तरी दोघांनी मान वळवली नाही. सर काही विचारत नव्हते. बॅग छातीशी धरून ऐकत उभे होते.